एका गाडीचे निदान

तर्कशास्त्र शिकविण्याचा व्यवसाय आम्ही आज सत्तावीस वर्षे करीत आहोत. धूर दिसला म्हणजे अग्नी असलाच पाहिजे, परंतु अग्नी असला म्हणजे धूर असेलच असे नाही, हे आम्ही आजवर किती तरुणांस फळ्यावर लिहून दाखविले असेल याची गणती नाही. इतका काळ एखादी विद्या दुसऱ्यास सांगत राहिले म्हणजे ती आपणांसही येते, अशी मनुष्याची समजूत होऊ लागते. आमचीही झाली होती. ती समजूत 2025 सालच्या फेब्रुवारी महिन्यात सातारच्या एका गॅरेजात, तेलाने काळ्या झालेल्या फरशीवर उभे असता दूर झाली. तो वृत्तान्त वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. त्यात आमची शोभा विशेष नाही. तथापि ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांस त्यातून थोडी माहिती मिळेल, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांस निदान थोडी करमणूक तरी होईल.

आमच्या दारात जी गाडी उभी असते ती वास्तविक आमची नव्हे, आमच्या पत्नीची आहे. तिचा डावा पाय बालपणी पोलिओने दुबळा झाला. ती पाचगणीस एका शाळेत गणित शिकविते आणि आमचे बिऱ्हाड वाईस. मध्ये पसरणीचा घाट, दहा-बारा किलोमीटरांची वाट. पायास पट्ट्यांचा आधार बांधून, एस. टी.च्या गाडीतून, पुष्कळदा उभ्यानेच, ही वाट तिने कित्येक वर्षे केली. चारचाकी चालवावी तर क्लच दाबण्यास डावा पाय हवा. म्हणून जिच्यात क्लचच नाही, गिअर आपोआप बदलतात आणि सारा कारभार एकट्या उजव्या पायावर भागतो, अशी एक गाडी तिने 2008 साली स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घेतली. 2023 साली नोंदणीची पंधरा वर्षे भरली, तेव्हा स्नेह्यांनी ती विकून टाकण्याचा सल्ला दिला. पत्नी एवढेच म्हणाली, "या गाडीने मला बसायला जागा दिली." तपासणी होऊन गाडीस आणखी पाच वर्षांची नोंदणी मिळाली. मात्र तिचा गिअरबॉक्स कधी निकामी झाला तर नव्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीहून अधिक येईल, हे आम्हां दोघांसही ठाऊक होते. म्हणजे गिअरबॉक्स गेला की गाडी गेली, आणि गाडी गेली की पत्नीने पुन्हा एस. टी.च्या फलाटावर जाऊन उभे राहावयाचे. पुढील हकीकत वाचताना वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जानेवारीत एके दिवशी पत्नी म्हणाली, "अहो, गाडी बराच वेळ उभी राहिली आणि पुन्हा निघाली की थरथरते. रस्त्यावर वेग कमी करायला बारीक पट्टे असतात ना, त्यांवरून गेल्यासारखी. दोन-तीन किलोमीटर गेले की बरी होते." आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता उत्तर दिले, "रस्ताच तसा असेल." आठ दिवसांनी तिने पुन्हा सांगितले की सकाळी घरून निघताना थरथर कमी असते, संध्याकाळी शाळेतून निघताना अधिक असते. आम्ही म्हणालो, "सतरा वर्षांची झाली. तिलाही संधिवात झाला असेल." आमच्या मते हा विनोद बरा साधला होता. गणित शिकविणारी, अंदाजाने कधी न बोलणारी एक व्यक्ती आपणांस वेळ, स्थळ आणि प्रमाण यांसह एक निरीक्षण सांगत आहे, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

फेब्रुवारीतील एका रविवारी पत्नी गाडी घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावरील एका लहानशा दुकानात गेली. तेथे एक तरुण मुलगा पंक्चर काढणे, तेल बदलणे, गाड्या धुणे अशी कामे करतो. हा मुलगा आमचाच विद्यार्थी. पहिल्या वर्षास आमच्या वर्गात होता. दुसऱ्या वर्षी वडील वारले आणि शिक्षण सुटले. रेडिएटरमधील कूलंट कमी झाल्याचे त्या दिवशी त्याने पाहिले, आपल्याजवळचे चांगले हिरवे कूलंट भरले, आणि पैसे घेण्यास आढेवेढे घेतले. पत्नीने ते आग्रहाने दिले.

त्यानंतरच्या गुरुवारी काच धुण्याचे पाणी भरावे म्हणून आम्ही बॉनेट उघडले आणि थक्क होऊन पाहतच राहिलो. कूलंटच्या अर्धपारदर्शक बाटलीत हिरव्या पाण्याचा मागमूस नव्हता. तिच्यात गुलाबी, दाट, फेसाळ असा काही पदार्थ काठोकाठ भरला होता. स्ट्रॉबेरीचे दिवस होते. पाचगणीच्या रस्त्यावर जागोजागी पेल्यांतून स्ट्रॉबेरी आणि साय घोटून विकतात, त्याच रंगाचे आणि त्याच दाटपणाचे ते प्रकरण होते. झाकण काढले तर आतल्या बाजूसही तोच चिकट लेप.

आमची अनुमानशक्ती तात्काळ जागी झाली. गाडीत लाल रंगाचे द्रव्य कोणते? आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्सचे तेल. तेथील गळती इंजिनच्या तेलाच्या गळतीहून निराळी ओळखू यावी म्हणून त्यात मुद्दाम तांबडा रंग घालतात, हे आम्हांस ठाऊक होते. ते पाण्यात कसे आले? कोणीतरी ओतले. शेवटी झाकण कोणी उघडले? त्या मुलाने. रविवारी त्याने पाणी भरले, गुरुवारी पाणी बिघडले. आम्हांस आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

पत्नी शाळेत दुसऱ्या कोणाच्या गाडीने गेली होती. आम्ही तडक दुकान गाठले. तेथे दोन रिक्षावाले आणि एक शेतकरी आपापली कामे करून घेत बसले होते. त्यांच्यादेखत आम्ही म्हणालो, "तू रेडिएटरमध्ये गिअरचे तेल ओतलेस. गाडीचे वाटोळे केलेस." मुलाने हातातील पाना खाली ठेवला, फडक्याने हात पुसले आणि हळूच विचारले, "सर, गिअरची पट्टी बघितली का?" तेलाची पातळी मोजण्याची जी लांब पट्टी असते तिच्याविषयी तो विचारीत होता. आम्हांस तो उर्मटपणा वाटला. आम्ही उत्तरलो, "मला पट्टी शिकवू नकोस. वर्गात लक्ष दिले असतेस तर आज येथे बसला नसतास."

हे वाक्य येथे लिहिताना लेखणी अडखळते. तथापि ते आम्ही उच्चारले आहे, तेव्हा लिहिणे प्राप्त आहे.

संध्याकाळी सर्व हकीकत आम्ही मोठ्या समाधानाने पत्नीस सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचे वडील गेले म्हणून तो तेथे बसला आहे." एवढे बोलून तिने सातारच्या चाचांस फोन लावला.

चाचा हे सत्तरीच्या घरातील गृहस्थ. उमेदीची पंधरा वर्षे त्यांनी कुवेतमध्ये मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांच्या दुरुस्तीत काढली. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने 1939 साली, 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांकरिता, आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा बाजारात आणली. पुढे तेथील बहुतेक गाड्या त्याच पद्धतीच्या झाल्या आणि तशाच आखाती देशांतही गेल्या. आपल्याकडील मिस्त्री क्लचच्या गाड्यांवर शिकले. चाचांचे शिक्षण या दुसऱ्या पंथातले. त्यांनी फोनवर एकच प्रश्न केला, "गिअरची पट्टी बघितली का?"

पत्नीने फोनवर हात ठेवून तो प्रश्न आम्हांस विचारला. ज्या प्रश्नास सकाळी आम्ही उर्मटपणा म्हटले होते, तोच आता सत्तर वर्षांच्या जाणत्याच्या तोंडून आला होता. आम्ही बघितली नसल्याचे सांगितले. चाचा म्हणाले, "मग बघू पण नका, अन् गाडी एकदाबी सुरू करू नका. ओढत पण आणू नका. उचलून गाडीवर घाला अन् माझ्याकडं पाठवा."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात चाचांनी जी तपासणी केली तिचा क्रम आम्ही शक्य तितक्या बारकाईने देत आहोत. पाण्यात तेल दिसले की बहुतेक लोक एकच निष्कर्ष काढतात, तो असा की इंजिनचे हेड गॅस्केट फुटले. आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहाध्यापकांनीही तेच भाकीत केले होते. चाचांनी प्रथम इंजिनच्या तेलाची पट्टी काढली. तेल काळे, परंतु स्वच्छ होते. तेल ओतण्याच्या झाकणाखाली पांढरट लोणी साचलेले नव्हते. ते म्हणाले, "इंजिनचं तेल पाण्यात गेलं की दूध घातलेल्या कॉफीवानी रंग येतो. ह्यो गुलाबी हाय. इंजिनचा ह्यात संबंध नाही."

मग त्यांनी गिअरबॉक्सची पट्टी काढली आणि काही न बोलता आमच्यापुढे धरली. तिच्यावरील तेल तांबडे व नितळ असावयास पाहिजे होते. ते गढूळ व फिकट गुलाबी झाले होते, आणि त्याची पातळी असावी त्याहून दोन बोटे वर चढली होती. तेल आपोआप वाढत नाही. त्यात बाहेरून काहीतरी शिरले होते. आता चाचांनी एक लोखंडी पळी शेगडीवर तापविली आणि त्या तेलाचे चार थेंब तिच्यात टाकले. ओल्या कढीलिंबाच्या फोडणीसारखे ते तडतडले. कोरे तेल तापल्या पळीत निमूटपणे पसरते, तडतडते ते त्यातले पाणी. गिअरच्या तेलात पाणी आहे, हे सिद्ध झाले.

त्या तडतडण्याबरोबर आमचे सारे अनुमानही फुटले. पाणी गुलाबी का झाले, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवत होती. एक, कोणीतरी तेल पाण्यात ओतले. दुसरे, आत कोठेतरी तेलाची व पाण्याची भिंत फुटली. बाटलीत कितीही वेळ पाहिले तरी या दोहोंपैकी खरे कोणते ते कळावयाचे नाही, कारण दोन्ही प्रसंगी बाटली सारखीच गुलाबी दिसेल. परंतु मुलाने रेडिएटरमध्ये तेल ओतले असते तर त्यामुळे गिअरबॉक्समध्ये पाणी कसे जाणार? तेथील तेल नितळच राहिले असते. म्हणजे या वादाचा निकाल त्या एका पट्टीवर होता, आणि ती पाहिली का असे त्या मुलाने आम्हांस पहिल्याच वाक्यात विचारले होते. आरोपी स्वतःच्या निर्दोषत्वाचा निर्णायक पुरावा न्यायाधीशापुढे ठेवीत होता आणि न्यायाधीश त्यास वर्गातील वर्तनाबद्दल शिक्षा फर्मावीत होता.

ही भिंत असते तरी कोठे, हे आता सांगितले पाहिजे. आपोआप चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये तेलाला अनेक कामे असतात. इंजिनची शक्ती पुढे नेणे, आपल्या दाबाने आतील चकत्या एकमेकींवर आवळणे, वंगण पुरविणे आणि उष्णता वाहून नेणे ही सर्व कामे तेच करते. घाट चढताना ते फार तापते. त्याला थंड करण्यासाठी अनेक गाड्यांत एक सोयीची युक्ती योजिलेली असते. रेडिएटरच्या एका टाकीत, पाण्याच्या पोटात, एक लहान बंद नळी बसवितात आणि गिअरचे तेल तिच्यातून फिरवितात. तेल नळीच्या आत व पाणी बाहेर, मध्ये पातळ धातूचा पडदा. जोवर पडदा शाबूत आहे तोवर दोघेही एका घरात सुखाने नांदतात. पडद्यास बारीक चीर पडली की मात्र अनर्थ होतो.

आम्ही विचारले, "चाचा, तेल पाण्यात जाते की पाणी तेलात?" चाचा हसले. "दोन्ही, सर. गाडी चालू असताना तेलाचा पंप जोर लावतो, तवा तेल पाण्यात घुसतं. गाडी बंद केली की पंप मेला. पण पाणी तर अजून तापलेलं, झाकणाखाली दाबलेलं. मग पाणी तेलात घुसतं."

रेडिएटरच्या झाकणाने पाण्यावर सुमारे एक वातावरण इतका अधिक दाब राखलेला असतो, म्हणूनच ते शंभर अंशांवरही उकळत नाही. गाडी थांबविल्यानंतर हा दाब बराच वेळ टिकतो. म्हणजे आमच्या डोळ्यांस जो बिघाड दिसला, पाण्याचे गुलाबी होणे, तो गाडी धावत असताना होत होता आणि त्याने तत्काळ फारसे नुकसान होत नव्हते. खरा घात होत होता तो गाडी शाळेच्या आवारात झाडाखाली शांत उभी असताना. गिअरबॉक्समधील चकत्यांवर कागदाच्या लगद्यासारखे अस्तर सरसाने चिकटविलेले असते. कूलंट त्यात मुरले की अस्तर फुगते आणि सुटू लागते. तेलाहून जड असल्याने हे पाणी तळाशी बसते, आणि तेल ओढून घेणारे तोंडही तळाशीच असते. त्यामुळे गाडी पुन्हा निघाली की प्रथम हे पाणीच ओढले जाते आणि गाडी थरथरते. पुढे सर्व मिसळून जाते आणि थरथर थांबते. सकाळी घाट चढून पाणी चांगले तापलेले, म्हणून दिवसभर ते अधिक शिरे. संध्याकाळची थरथर अधिक असे ती याचमुळे. पत्नीने जानेवारीत दोन वाक्यांत जे सांगितले होते त्यात हे सर्व निदान बीजरूपाने होते. चाचांनी तिला ते पुन्हा सांगावयास लावले, मान डोलावली आणि म्हणाले, "मॅडम, तुमी महिन्यापूर्वी आला असता तर निम्मं काम वाचलं असतं." पत्नीने आमच्याकडे पाहिले नाही. ती तिची थोरवी.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे मूळ कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. गुलाबी पाणी हे केवळ रूप होते, आणि आम्ही तेवढ्यावरच निकाल दिला होता. थरथर हे पूर्वरूप. पाणी कोणत्या वाटेने तेलात शिरले ती संप्राप्ती. उपाय किंवा पथ्य योजून त्याच्या परिणामावरून रोग ओळखणे म्हणजे उपशय. औषधाचा प्रयोग अजून झाला नव्हता, परंतु त्याच जातीचा एक प्रयोग चाचांनी करून दाखविला. त्यांनी रेडिएटर बाहेर काढला, तेलाच्या नळीचे एक तोंड बंद केले, दुसऱ्या तोंडातून टायरात भरतात तेवढीच, तीस पाउंड हवा सोडली आणि रेडिएटर पाण्याने भरून ठेवला. काही झाले नाही. एकही बुडबुडा दिसेना. आमच्या मनात, लिहिण्यास लाज वाटते, क्षणभर आशा उत्पन्न झाली की कदाचित मुलगाच दोषी ठरेल. चाचांनी ते पाणी ओतून टाकले, कढत पाणी भरले आणि विडी ओढीत दहा मिनिटे बसून राहिले. मग रेडिएटरच्या तोंडाशी एक बुडबुडा आला, पुन्हा एक आला, आणि पुढे मोत्यांच्या सरीसारखी त्यांची ओळ लागली. "थंडीत चीर मिटलेली असते, तापल्यावर तोंड उघडती," ते म्हणाले.

राहिले मूळ कारण. चाचांनी रेडिएटर उलटा केला तेव्हा त्यातून तांबूस गाळ आणि पांढरट खवले पडले. त्यांनी विचारले, "ह्यात पाणी कुठलं घालत होता?" उत्तर देण्याचे काम आमच्याकडे होते. कूलंटमध्ये धातू गंजू नये म्हणून घातलेली द्रव्ये काही वर्षांनी निकामी होतात, यास्तव ते ठरावीक मुदतीने बदलावे लागते. आम्ही ते अनेक वर्षांत बदलले नव्हते. कमी झाले की अंगणातील बोअरच्या नळास पेला लावून आम्ही स्वतः भरीत होतो. कूलंटच्या बाटलीस तीन-चारशे रुपये पडतात, नळाचे पाणी फुकट. क्षारांचे पाणी, गेलेले रक्षक द्रव्य आणि सतरा वर्षांचा धातू, याचा शेवट चिरेत होणे आश्चर्याचे नव्हते. 2024 साली एकदा आम्ही गाडी धुण्यास नेली असता त्याच मुलाने सांगितले होते, "सर, कूलंट बदलून टाका. अन् बोअरचं पाणी नका घालू." आम्ही त्यास गिऱ्हाइकाचा खिसा कापण्याची युक्ती समजलो होतो.

काकतालीय न्याय आम्ही दरवर्षी शिकवितो. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्याने पाडले असे होत नाही. परंतु येथे आमची चूक त्याहूनही एक पायरी खालची होती. मुलाने पाणी भरले म्हणून रेडिएटर बिघडला नव्हता. रेडिएटर बिघडून पाणी तेलात जात होते, म्हणून ते कमी झाले होते, आणि कमी झाले म्हणून मुलाने भरले होते. त्याचे भरणे हा रोगाचा परिणाम, आणि आम्ही त्यालाच कारण ठरविले. ज्याने घरात धूर पाहून पाण्याची बादली आणली त्यालाच आग लावणारा म्हणून धरावे, तसा हा प्रकार झाला.

दुरुस्तीची हकीकत थोडक्यात सांगतो. नवा रेडिएटर बसविला. साबणाच्या पाण्याने सर्व जलमार्ग पुन्हा पुन्हा धुतले. तेलाने फुगलेले रबरी पाइप बदलले. गिअरच्या तेलासाठी चाचांनी रेडिएटरपुढे एक लहान स्वतंत्र कूलर लावला आणि म्हणाले, "आता दोघांच्या चुली वेगळ्या. भांडणच नको." गिअरबॉक्सचे काम मात्र इतके सोपे नव्हते. त्यात एकूण सात लिटर तेल मावते, परंतु खालचे बूच काढले की तीनच लिटर बाहेर येते. बाकीचे चार लिटर आतल्या कप्प्यांत अडकून राहते. म्हणून नवे तेल भरावयाचे, गाडी थोडी फिरवावयाची, पुन्हा काढावयाचे. आमच्या पत्नीने तेथेच कागदावर गणित मांडले. एकदा बदलल्यावर घाण शंभरांपैकी सत्तावन्न भाग राहते, दुसऱ्यांदा तेहतीस, तिसऱ्यांदा एकोणीस, चौथ्यांदा अकरा. अगदी शून्य कधीच होत नाही. चाचांनी चार वेळा बदलले आणि सांगितले, "सहा महिने काढले तर वाचली म्हणा. अस्तर किती सुटलंय ते देव जाणे."

सातारहून परत आलो त्या संध्याकाळी आम्ही दोघे त्या मुलाच्या दुकानी गेलो. आरोप चारचौघांत केला होता, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागितली पाहिजे, असे पत्नीचे मत पडले आणि ते आम्हांस मान्य होते. पूर्वीचे रिक्षावाले नव्हते, दुसरे तिघे होते. त्यांच्यासमोर आम्ही म्हणालो, "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. दोष माझा होता. शिवाय जे शेवटी बोललो ते कोणत्याही शिक्षकाने बोलू नये असे होते." येथे 'आम्ही' म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. काही वाक्ये मनुष्याने एकट्यानेच बोलावयाची असतात.

मुलगा संकोचून म्हणाला, "असू द्या, सर." थोड्या वेळाने त्याचे कुतूहल अनावर झाले. "पट्टीवर काय होतं?" आम्ही सर्व सांगितले: वाढलेली पातळी, पळीतील तडतड, कढत पाण्यातील बुडबुडे. कढत पाण्याची युक्ती ऐकताना त्याचे डोळे असे चमकले की तसे आमच्या वर्गात कोणाचे चमकलेले आम्ही क्वचितच पाहिले असतील. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे कावळा बसायला अन् फांदी मोडायला, सर. तुम्हीच शिकवलेलं." त्यात टोमणा नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते.

हे लिहीत असता सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटून गेली आहे आणि गाडी पसरणीचा घाट रोज चढत आहे. थरथर क्वचित, अगदी थंडीच्या दिवशी, पत्नीस जाणवते. तसे तिने सांगितले की आम्ही आता वर्तमानपत्र खाली ठेवतो. कूलंट बदलण्याचे, पट्टी पाहण्याचे सर्व काम त्या मुलाकडे आहे. तो पूर्वीइतकाच अदबीने वागतो. परंतु पूर्वी गाडी थांबली की तो आमच्या खिडकीशी येऊन महाविद्यालयातील चार गोष्टी विचारीत असे. आता तो पत्नीच्या खिडकीशी जातो आणि गाडीविषयीच बोलतो. आम्ही त्याची क्षमा एकदा मागितली आहे, चार वेळा नव्हे. पत्नीच्या गणिताप्रमाणे अजून बरेच उरले असावे.

आपल्या भाषेत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोगाचे मूळ कारण किंवा त्याची पारख. दुसरा, कमीत कमी. इतकी वर्षे आम्हांस हे दोन अर्थ परस्परांशी असंबद्ध वाटत असत. आता वाटते की त्यांचे नाते असावे. पहिल्या प्रकारचे निदान प्रत्येकास साधेल असे नाही, त्यास चाचांची पळी आणि कुवेतची पंधरा वर्षे लागतात. परंतु कोणास दोषी ठरविण्यापूर्वी पट्टी काढून पाहावी, आणि ती पाहिली का असे विचारणारा कोण आहे याकडे न बघता तो काय विचारतो ते ऐकावे, एवढे तरी आमच्यासारख्यास जमण्याजोगे आहे. निदान एवढे तरी.